उंचसखल जमिनीवर एक्स्टेन्शन शिडी लावायचीय? मग आधी कुदळ काढा

एक्स्टेन्शन शिडी, म्हणजे एकमेकांवर सरकणाऱ्या दोन भागांची लांब होणारी शिडी, भिंतीला लावली, एक पाय नीट बसला आणि दुसरा दोन बोटं अधांतरी राहिला की आपण काय करतो ते मला चांगलं माहितीय, कारण मीही वर्षानुवर्षं तेच करायचो. इकडेतिकडे बघायचं, विटेचा तुकडा नाहीतर चपटा दगड कुठेतरी पडलेला असतोच, तो पायाखाली सरकवायचा, शिडीला एक झटका देऊन बघायचं, "बसली" असं स्वतःलाच सांगायचं आणि चढायचं.

मग एकदा पन्हळीतला पालापाचोळा काढायला गेलो. जमिनीला उतार जरा जास्तच होता म्हणून एका पायाखाली एक अख्खी वीट आणि वर अर्धी लावलेली. चौथ्या पायरीवर पोचलो आणि शिडी डाव्या बाजूला गेली. सावकाश नाही हां, एकदम. नशीब की चौथीच पायरी होती, घोटा सुजला आणि कोपर सोलपटलं तेवढ्यावर भागलं. नंतर लंगडत जाऊन बघितलं तर वीट फुटलेली नव्हती, धडधाकट होती, फक्त जागेवरून चार बोटं बाहेर सरकलेली.

तेव्हा कळलं की वीट वजनाने फुटेल का ही आपली चिंताच चुकीची आहे. चढताना आपण एकदा उजवा पाय टाकतो एकदा डावा, तसं वजन शिडीच्या एका पायावरून दुसऱ्यावर जात राहतं, ज्या पायावरचं वजन कमी होतं त्याच्याखालचा टेकू क्षणभर सैल पडतो आणि पुढच्या पावलाला पुन्हा दाबला जातो, पण थोडासा सरकून. असं दर पावलाला. दहा पायऱ्यांत वीट चालत चालत बाहेर.

म्हणून या सगळ्या लेखातलं मुख्य काम एकच आहे: खाली राहिलेला पाय उचलायचा नाही, वर राहिलेला पाय खाली घ्यायचा. म्हणजे उंच बाजूची जमीन खणायची. जिथे खणता येत नाही तिथे काय करायचं तेही खाली आहेच, पण माती असेल तर पहिला उपाय कुदळ.

बोटभर फरकाने काय होतं

हे गणित एकदा करून बघा, मग विटेचा तुकडा उचलावासा वाटणार नाही. शिडीच्या दोन पायांमधलं अंतर समजा ४० सेंटिमीटर आणि शिडी उघडून ६ मीटर केलीय. म्हणजे लांबी रुंदीच्या १५ पट. तर बुडाशी १ सेंटिमीटरचा फरक शेंड्याला १५ सेंटिमीटर होतो. अडीच सेंटिमीटर, म्हणजे साधारण दीड बोट फरक असेल तर शेंडा ३७ सेंटिमीटर एका बाजूला गेला.

आता तुम्ही त्या शिडीवर ५ मीटरवर उभे आहात. अडीच सेंटिमीटरच्या फरकाने तिथे तुम्ही मधल्या रेषेपासून ३१ सेंटिमीटर बाजूला गेलात. आणि शिडीच्या मध्यापासून तिचा पाय आहे फक्त २० सेंटिमीटरवर. म्हणजे तुमचं वजन खालच्या पायाच्याही ११ सेंटिमीटर बाहेर लोंबतंय आणि तुम्हाला धरून कोण आहे तर वर भिंतीवर टेकलेल्या टोकाचं घर्षण, बास. त्यात तुम्ही ब्रश घेऊन त्याच बाजूला वाकलात की संपलं. १ सेंटिमीटरचा फरक असला तरी साडेबारा गेलेच, उरले साडेसात, तेवढे तर हात लांब केला की संपतात. हे खालून दिसत नाही, खालून बघताना शिडी "थोडीशी तिरकी" दिसते.

चढायची गरज आहे का

यावर फार वेळ घालवत नाही पण विचार मात्र करा. लांब दांड्याचा ब्रश, टेलिस्कोपिक पाईप, खिडकीतून किंवा गच्चीवरून हात पोचणं, यातलं काही चालत असेल तर शिडी नकोच. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हचं, म्हणजे कामाच्या सुरक्षेच्या सरकारी संस्थेचं, मार्गदर्शन असं आहे की टेकवलेल्या शिडीवर एका वेळी ३० मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागत असेल तर दुसरं साधन बघा, आणि हातात किंवा अंगावर १० किलोच्या वर सामान नको. अख्खी भिंत रंगवायची असेल तर सरळ परांची बांधा किंवा चाकांवर सरकणारा कामाचा टॉवर भाड्याने आणा, उताराच्या जमिनीवर शिडी दहा वेळा हलवून दहा वेळा लेव्हल करण्यापेक्षा ते परवडतं.

शिडीवर लेबल असतं ते वाचा. वजनाची मर्यादा ही तुमचं वजन अधिक कपडे, बूट, अवजारं, रंगाचा डबा अशी सगळी मिळून असते. अमेरिकन रेटिंगमध्ये टाईप वन-ए म्हणजे ३०० पाउंड, साधारण १३६ किलो, आणि युरोपातलं ईएन १३१ हे मानक असेल तर १५० किलो. दांडे वाकलेत का, पायऱ्या सैल आहेत का, वरचा भाग पायरीवर अडकवणारे खटके नीट बसतात का, दोरी कुरतडलीय का, आणि पायाचं रबर गुळगुळीत झालंय का हे बघायला दोन मिनिटं लागतात. रबर झिजलं असेल तर पुढचं काहीच वाचू नका, आधी ते बदला.

जमीन वाचायची कशी

नुसतं "वरखाली आहे" म्हणून चालत नाही, कुठल्या दिशेने वरखाली आहे ते महत्त्वाचं. भिंतीकडे तोंड करून उभे राहा. जमीन डावीउजवीकडे उतरत असेल तर तो बाजूचा उतार, आणि भिंतीपासून तुमच्याकडे किंवा तुमच्याकडून भिंतीकडे उतरत असेल तर तो पुढचामागचा उतार. दोन्हींचा त्रास वेगळा आहे. एक्स्टेन्शन शिडीच्या पायाला जो हलणारा बूट असतो तो पुढेमागे फिरतो, त्यामुळे थोडा पुढचामागचा उतार तो स्वतःच सांभाळून घेतो, पण डावीउजवीकडे तो फिरत नाही. म्हणून बाजूच्या उताराला शिडीकडे स्वतःचं काहीच उत्तर नसतं, ते आपणच द्यायचं.

मोजायला एक सरळ फळी आणि पाणसळ, म्हणजे स्पिरिट लेव्हल, एवढं पुरे. जिथे शिडीचे पाय येणार तिथे फळी आडवी ठेवा, वर पाणसळ ठेवा आणि खालच्या बाजूने फळी उचलत न्या, बुडबुडा मध्ये आला की थांबा. आता शिडीचा खालचा पाय जिथे येणार तिथे फळी आणि जमीन यांच्यातली फट टेपने मोजा. हा आकडा लिहून ठेवा, पुढचं सगळं काम याच आकड्यावर. पाणसळ नसेल तर मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप चालतं, फक्त कव्हर काढून ठेवा, कव्हरच्या कडेने रीडिंग चुकतं.

कुठवर सांभाळता येतं याची हद्द पण आहे. त्याच ब्रिटिश मार्गदर्शनात बाजूचा उतार जास्तीत जास्त १६ अंश आणि पुढचामागचा ६ अंश धरलाय, आणि तेसुद्धा पायऱ्या योग्य साधनाने लेव्हल करून घेतल्यावर. टेपच्या भाषेत सांगायचं तर ४० सेंटिमीटर रुंदीच्या शिडीला बाजूची फट साधारण साडेअकरा सेंटिमीटर, आणि पुढेमागे दर मीटरला साडेदहा सेंटिमीटर. याच्या वर गेलं की शिडीचा नाद सोडायचा.

आणि हे सगळं करण्याआधी एक सोपी गोष्ट: दोन फूट डावीकडे किंवा उजवीकडे सपाट जागा आहे का बघा. असते पुष्कळदा. आपण शिडी कामाच्या बरोब्बर खाली लावायच्या हट्टाने बघतच नाही.

खणायचं कसं

खणण्यापूर्वी त्या जागेखालून केबल, पाण्याची किंवा गॅसची लाईन जातेय का याची खात्री करा. आपण खोल जात नाही हे खरं पण बागेतल्या दिव्याची वायर वीतभर खोलीवरच पुरलेली असते कित्येकदा.

शिडी जागेवर उभी न करता, आडवी धरून नुसते पाय टेकवा आणि दोन्ही पायांच्या जागा खुणा करून घ्या. उंच बाजूच्या खुणेवर साधारण ३० बाय ३० सेंटिमीटरचा चौकोन आखा, बुटापेक्षा चांगला मोठा, कारण बूट खड्ड्याच्या कडेवर चढून बसला तर सगळं फुकट. जेवढी फट मोजली तेवढंच खोल जायचं. कुदळीने सैल करा पण शेवटचा थर फावड्याने किंवा थापीने तासून काढा म्हणजे तळ सपाट येतो.

इथे सगळ्यांची एक चूक होते, माझीही झालीय. खड्डा जरा जास्त खोल गेला की आपण उकरलेली माती परत टाकतो, पायाने दाबतो आणि झालं म्हणतो. ती माती दबलेली नसते, वजन पडलं की ती बसणारच, आणि नेमकी तुम्ही वर असताना बसणार. जास्त खोल गेलं तर दुसऱ्या पायाची जागा तेवढीच खाली घ्या. परत भरायचं नाही. न हललेली, मूळची घट्ट माती पायाखाली पाहिजे.

पुढचामागचा उतार असेल तर दोन्ही पायांसाठी मिळून एकच आडवा चर खणा, एखादी पायरी कोरल्यासारखा. जमीन भिंतीपासून दूर उतरत असेल तर हा चर सोन्यासारखा, कारण शिडीचे पाय उताराने बाहेर सरकायला बघतात आणि चराची बाहेरची कड त्यांना आडवी येते. म्हणून ती कड उभी आणि धारदार ठेवा, घसरगुंडीसारखी गोल करू नका. आणि कड भुसभुशीत असेल तर बाहेरच्या बाजूला दोन लोखंडी खुंटे ठोका. जमीन उलटी, भिंतीकडे उतरत असेल तर सरकायची भीती कमी, पण बूट नुसत्या कडेवर टेकतोय की पूर्ण तळव्याने ते वाकून बघा.

खड्ड्यात बूट बसवून झाला की परत फळी आणि पाणसळ. यावेळी फळी शिडीच्या दोन्ही पायांच्या जागी, खड्ड्याच्या तळाला आणि दुसऱ्या पायाच्या जागी सारख्याच उंचीचे ठोकळे लावून. किंवा शिडी उभी केल्यावर पाणसळ सरळ खालून दुसऱ्या तिसऱ्या पायरीवर ठेवा, तेच सगळ्यात खरं.

मऊ जमीन

बाग, पाणी घातलेलं गवत, पावसानंतरची माती, नव्याने भरलेली भर. इथे लेव्हल सकाळी बरोबर असते आणि दुपारी नसते. पायाखाली १८ मिलिमीटरचं प्लायवुड किंवा जाड फळी घाला, आणि दोन पायांना दोन तुकडे देण्यापेक्षा दोघांना मिळून एकच लांब फळी द्या, १ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद वगैरे, म्हणजे एकच बाजू खचणं कमी होतं. फळीच्या बाहेरच्या कडेला एक पट्टी स्क्रूने मारून घ्या, पाय तिला अडकतात आणि सरकत नाहीत. खिळे नको, खिळे उपसून येतात. फळीखालचं गवत खरवडून काढा, ओल्या गवतावर फळी म्हणजे स्लेज गाडी.

पुष्कळ शिड्यांचा बूट उलटा फिरवला की त्याला दात असतात, ते मातीत रुतवायला असतात. घट्ट मातीत फळी न घालता दात वापरा, फळीवर रबर वापरा. फरशीवर किंवा काँक्रीटवर दात चुकूनही नकोत. हे लिहायचं कारण असं की मी कितीतरी लोक पाहिलेत ज्यांना आपल्या शिडीचा बूट फिरतो हेच माहीत नाही.

खणता येत नाही तिथे

काँक्रीटचा उतार, फरसबंदी, जिन्याच्या पायऱ्या. इथे लेव्हलर लागतो. म्हणजे शिडीच्या पायाला नट-बोल्टने बसणारा, वरखाली सरकणारा जादाचा पाय. काही दोन्ही बाजूंना वेगवेगळे येतात, काहींचा एक कमानीसारखा भाग असतो जो एक बाजू वर गेली की दुसरी खाली करतो. घेताना तुमच्या शिडीच्या दांड्याच्या मापाला बसतो का आणि वजनाचं रेटिंग शिडीएवढं आहे का हे बघा. बसवताना शिडीला भोकं पाडायची असतील तर ती शिडीच्या कंपनीला चालतात का ते आधी वाचा, ॲल्युमिनियमच्या दांड्यात भलत्या जागी भोक पाडलं तर शिडी तिथूनच वाकेल. लेव्हलर शिडीवर वजन नसतानाच सेट करायचा, खटका पूर्ण बसल्याचा आवाज आला पाहिजे, आणि पिन असेल तर ती आरपार. आणि लेव्हलर पुरत नाही म्हणून त्याच्याखाली पुन्हा लाकडाचा ठोकळा, असं करू नका प्लीज, मग पैसे कशाला घातले.

दुसरं साधन म्हणजे बाजूला पाय फाकवणारे स्टॅबिलायझर. ते बुडाची रुंदी वाढवतात, आणि वरचं गणित आठवा, ४० सेंटिमीटरचं बूड १ मीटर झालं की मध्यापासून २० ऐवजी ५० सेंटिमीटर जागा मिळाली. उताराला जर काही विकतच घ्यायचं तर माझं मत, लेव्हल करणारा आणि रुंद करणारा असा दोन्ही कामं करणारा सेट घ्या.

लाकडी प्लॅटफॉर्म घरी करायचा असेल तर तो एकसंध करा. तळाला उताराच्या मापाने कापलेले जाड ओंडके, वर जाड प्लायवुड, सगळं स्क्रूने एकमेकांना आवळलेलं, दोन्ही पाय त्यावर मावतील एवढा आणि चारी बाजूंनी हातभर जास्त, कडेने पट्टी, खाली रबराची चटई. एकावर एक रचलेलं काहीही नको: विटा, ब्लॉक, रंगाचे डबे, टायर, टेबल, गाडीचा हौदा. रचलेलं ते सरकणारच. जिन्याच्या पायऱ्यांवर लेव्हलरशिवाय एक्स्टेन्शन शिडी लावूच नका.

उभी करणं आणि कोन

उतारावर शिडी उभी करायला माणूस दुसरा घ्याच. शिडी मिटलेलीच ठेवा. बूड भिंतीच्या पायथ्याला टेकवा, दुसरा माणूस शेंड्याकडून एकेक पायरी हाताने वर ढकलत चालत येईल. उभी झाली की बूड थोडं बाहेर घ्या आणि मग दोरीने वरचा भाग सरकवा. खणलेल्या जागेत आणणं हे त्यानंतर, दोघांनी मिळून. उघडलेली शिडी उचलून उतारावर चालणं हा वेडेपणा आहे, वारा आला की ती तुम्हाला घेऊन जाते.

दोन्ही खटके पायरीवर पूर्ण बसलेत हे खालून डोळ्यांनी बघा, एक बसतो आणि दुसरा अर्धवट राहतो असं होतं. दोन्ही भागांचा एकमेकांवरचा ओव्हरलॅप ३६ फुटांपर्यंतच्या शिडीला किमान ३ फूट, पुढे ४८ फुटांपर्यंत ४ फूट. दोरीचं मोकळं टोक खालच्या पायरीला बांधून टाका, पायात येतं.

कोनाचा नियम चारास एक. शिडी जमिनीपासून टेकते तिथपर्यंत जेवढी लांब, त्याच्या चौथा हिस्सा बूड भिंतीपासून बाहेर, म्हणजे साधारण ७५ अंश. पायऱ्या ३० सेंटिमीटरवर असतील आणि टेकण्यापर्यंत २० पायऱ्या मोजल्या तर ६ मीटर झाले, बूड दीड मीटर बाहेर. सपाट जागी एक युक्ती करतात: अंगठे शिडीच्या पायांना लावून ताठ उभं राहायचं, हात खांद्याच्या उंचीला सरळ पुढे, तळवे शिडीला टेकले की कोन बरोबर. उतारावर ही युक्ती फसवते, कारण तुम्ही स्वतःच शिडीच्या पायापेक्षा खाली किंवा वर उभे असता. तिथे टेपच वापरा, आणि अंतर जमिनीला चिकटवून न मोजता आडवं धरून मोजा. काही शिड्यांच्या बाजूला कोनाचं स्टिकर असतं, त्यावरची उभी रेघ खरंच उभी दिसली पाहिजे, तेही चालतं.

बाजूने सरळ आहे का हे बघायला दहा पावलं मागे जा आणि शिडीचा मध्य खिडकीच्या किंवा दाराच्या उभ्या कडेशी ताडून बघा. डोळा हे लगेच पकडतो. ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, असेल तर वरच्या एखाद्या पायरीच्या बरोब्बर मध्यावर बांधून सोडा, तो खालच्या पायऱ्यांच्या मध्यासमोरच लोंबायला हवा. फरक दिसला तर विटेचा तुकडा शोधायचा नाही, शिडी उतरवायची आणि खड्डा सुधारायचा. इथेच घोडं पेंड खातं, कारण एवढं सगळं उभं केल्यावर परत उतरवायचा कंटाळा येतो.

वरचं टोक आणि बांधणं

शेंडा पन्हळीवर टेकवू नका, पन्हळ दबते आणि शिडी तिच्यावरून घसरते. काचेवर, सैल पत्र्यावर, केबलवर तर नाहीच. भिंतीपासून लांब धरणारा रुंद हाताचा स्टँडऑफ मिळतो तो उतारावर फार उपयोगी, कारण वरचे दोन टेकायचे बिंदू लांब लांब जातात आणि बाजूला फिरणं कमी होतं. छतावर उतरायचं असेल तर शिडी कडेच्या वर किमान १ मीटर पाहिजे, धरायला.

बांधायचं ते उभ्या दांड्यांना, पायऱ्यांना नाही. दोन्ही दांडे, दोन वेगवेगळ्या दोऱ्या, आणि पक्क्या हुकाला किंवा खांबाला. वर जागा नसेल तर मध्यावर, आणि बुडाला तर बांधाच: दोन्ही पायांपासून दोरी भिंतीकडच्या पक्क्या जागेला ताणून, म्हणजे बूड बाहेर पळणार नाही, शिवाय बाजूच्या उतारावर चढाच्या बाजूला एक खुंटा ठोकून त्यालाही एक. दोरी नायलॉनची असेल तर ती ताणते, म्हणून बांधून झाल्यावर शिडी हलवून पुन्हा एकदा आवळा.

आता वर बांधायला पहिल्यांदा तर न बांधलेल्या शिडीवरच चढावं लागणार. ही सगळ्यात वाईट चढण. तेव्हा खाली माणूस पाहिजे, समोरून दोन्ही दांडे धरून, एक पाय खालच्या पायरीवर, आणि त्याने मोबाईल खिशात ठेवायचा. पण त्याच्यावर फार भरवसा ठेवू नका. बूड सरकत असेल तर तो मदत करतो, शिडी बाजूला कलंडायला लागली तर तिला कोणीही धरू शकत नाही, तुमचं वजन आणि ६ मीटरची तरफ आहे ती. लेव्हल चुकलेली असेल तर माणूस धरून ती बरोबर होत नाही.

पहिल्या पायरीवर दोन मिनिटं

पहिल्या पायरीवर उभे राहा आणि गुडघ्यातून हलकेच वजन टाका, आधी उजवीकडे, मग डावीकडे. डुगडुगली, किंवा कुठला पाय खचल्याचा आवाज आला तर उतरा. मऊ जमिनीवर हे करून खाली या, पाच मिनिटं थांबा आणि पाणसळ परत ठेवा, पहिल्या वजनाने जे काही बसायचं ते आत्ता बसलेलं असतं. माझ्याकडे एकदा फळी मातीत एका बाजूने अर्धा सेंटिमीटर गेली होती, नुसतं बघून कळलं नसतं. वरचं गणित लावा, ६ मीटरला साडेसात सेंटिमीटर.

चढल्यावर दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात, असे तीन आधार कायम. पट्ट्याचं बक्कल दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही. वरच्या तीन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. सामान हातात घेऊन चढायचं नाही, बादली दोरीने ओढून घ्या. चप्पल नको, बुटाच्या तळाला चिखल असेल तर खरवडून या. वारा असेल तर उद्या करा. आणि विजेच्या तारा: ॲल्युमिनियमची शिडी असेल तर तारांच्या जवळपासही नको, ३ मीटर तर किमान, आणि शिडी उभी करताना ती कुठल्या बाजूला पडू शकते तेही धरून. फायबरग्लासची शिडीसुद्धा ओली किंवा मळलेली असेल तर भरवशाची नाही.

हात पोचेना म्हणून जरा लांब वाकतो आपण, हा मोह उतारावर सगळ्यात महाग पडतो, विशेषतः उताराच्या बाजूला वाकणं. उतरा, शिडी हलवा. आणि हलवली म्हणजे नवी जागा, नवी फट, नवा खड्डा, परत फळी, परत पाणसळ. चार जागी काम असेल तर मी हल्ली सुरुवातीलाच चारी जागांचे खड्डे मारून ठेवतो, एकदा कुदळ हातात आहे तोवर. मग मध्येच "एवढ्यासाठी कुठे खणू" असं होत नाही.

काम झालं की आधी वरच्या दोऱ्या सोडा, पण दुसऱ्या माणसाने खाली धरलेलं असताना. वरचा भाग पूर्ण खाली घ्या आणि मगच शिडी जागेवरून हलवा. पायांचे बूट धुवून ठेवा, दातांत वाळलेली माती राहिली की पुढच्या वेळी बूट फिरत नाही. आणि खड्डे त्याच दिवशी बुजवा. मी एकदा सकाळी बघू म्हणून तसेच ठेवले आणि रात्री दोरीवरचे कपडे काढायला अंधारात गेलो, शिडीवरून वाचलेला दुसरा घोटा तेव्हा मुरगळला.